नव्या डिस्क आणि मायचा पाय

आमचं घर जामच्या चौफुलीपासून हाकेच्या अंतरावर होतं, आणि घर म्हणजे बाबांच्या गॅरेजची मागची बाजू. पुढे टिनाचं शेड, मधे विटांची एक भिंत, मागे दोन खोल्या. भिंत वर टिनापर्यंत पोचलेली नव्हती. त्या हातभर फटीतून गॅरेजचे सगळे आवाज घरात येत आणि घरातले वास गॅरेजात जात. मायनं लाल मिरच्या भाजायला घेतल्या की गाडीखाली निजलेले बाबा तिथूनच शिंकत, आणि बाबांच्या हातून पाना निसटून फरशीवर पडला की माय चुलीपुढून विचारत असे, "बोटं हायेत का जागेवर?" चौफुलीवर नागपूरकडून आणि चंद्रपूरकडून येणारे ट्रक गियर बदलत, आणि त्या आवाजात मी बारावीपर्यंतचा अभ्यास केला. पुढे नागपूरच्या वसतिगृहात गेल्यावर पहिले काही दिवस मला वाचायला सुचत नव्हतं, कारण तिथे फार शांत होतं.

बाबा चौथी शिकलेले. ट्रकवर क्लीनर म्हणून निघाले, रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांच्या हाताखाली शिकले आणि जामला येऊन थांबले. माय शाळेत गेलीच नव्हती. आमच्या दोन्हीकडच्या नात्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. याबद्दल मला लहानपणापासून इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलं होतं, की हळूहळू मलाही ते स्वतःचंच कर्तृत्व वाटायला लागलं. आज निवृत्त होऊन घरी बसल्यावर कळतं, की त्या कॉलेजच्या फीमध्ये मायच्या पायाचा केवढा वाटा होता. पाय हा शब्द मी इथे अगदी सरळ अर्थानं वापरतो आहे.

ब्रेकचं काम एकट्याचं नसतं. पाइपात तेल असतं, आणि काम करताना त्यात हवा शिरते. ती हवा काढायला एक माणूस चाकाजवळ लागतो आणि एक आत, ब्रेकच्या पॅडलवर. आतला माणूस तीनदा पॅडल मारून दाबून धरतो, बाहेरचा तेवढ्यात चाकाजवळची बारीक निपल सैल करतो, बुडबुड्यांसकट तेल काचेच्या बाटलीत येतं, निपल बंद होते, मग आतल्यानं पाय सोडायचा. बाबांकडे कामाला माणूस ठेवण्याची ऐपत नव्हती तेव्हापासून आत माय बसत असे. भाकरी थापता थापता पलीकडून हाक यायची, "मिलिंदच्या माय, पाय दे वं." ती पिठाचे हात लुगड्याला न लावता, वर धरून यायची, चपला बाहेर काढायची आणि ड्रायव्हरच्या जागी बसायची. स्टीअरिंगला तिचा हात कधी लागला नाही. "मार," बाबा खालून म्हणत. "मार. मार. आता धर." ती धरून बसायची, समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत. "सोड." असं चारही चाकांचं झालं की ती उतरून उरलेल्या भाकरी थापायला जायची.

वीस-बावीस वर्षं हेच केल्यावर तिच्या तळपायाला जे कळत होतं ते तिला शब्दांत फार सांगता येत नसे. तिचे चार-पाच शब्द ठरलेले होते. हवा असली की "भिजल्या पोळीवानी लागते". सगळं ठीक असलं की "दगड". कुठून तेल झिरपत असलं की "बसते हळूहळू, म्हाताऱ्या मानसावानी". बाबा या शब्दांवर विसंबून काम करत. त्यांचा एक नियम होता, जो मी आणखी कुठल्याही गॅरेजात पाहिला नाही. ब्रेकचं काम झालं की माय एकदा पाय द्यायची. मग ज्यानं काम केलं त्यानं गाडीवाल्याच्या बाजूला बसायचं, गाडी मांडगावच्या रस्त्यानं तीन-चार किलोमीटर जाऊन परत यायची, आणि आल्यावर माय दुसऱ्यांदा पाय द्यायची. त्याला आमच्याकडे "दुसरा पाय" म्हणत. दुसरा पाय झाल्याशिवाय गाडीची चाबी मालकाच्या हातात जात नसे, मग तो फौजदार असो की सरपंच. "उभ्या गाडीचा ब्रेक सगळ्यायचाच चांगला असते," बाबा म्हणत. गिऱ्हाइकं हसत. एक ट्रकवाला मायला "आरटीओ वहिनी" म्हणायचा. ती त्यालाही दुसरा पाय दिल्याशिवाय सोडत नसे.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा बाबांच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डोळ्यावर हिरवी झडप, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धूळ नको. त्यांना मागच्या खोलीत खाटेवर बसवून ठेवलं होतं आणि मी सुट्टी काढून घरी आलो होतो. किरकोळ कामं मी करत होतो. मायनं त्या दिवसांत बाबांना दुखणेकऱ्याचं म्हणून पातळ वरण आणि भात दिला आणि मला मुंगवड्यांची रस्साभाजी, वर कच्चं तेल, बारीक चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि ज्वारीची भाकर. बाबा त्या भाजीच्या वासावरून दोन्ही वेळा भांडत.

अशात गुलाबकाका आले. ते अल्लीपूरचे, बाबांच्या क्लीनरगिरीच्या काळातले दोस्त. त्यांनी जुनी पांढरी मोटार घेतली होती आणि ती भाड्यानं चालवायचे. पुढच्या चाकांच्या डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या आणि ब्रेकचे पॅड ज्यांना चिमट्यासारखे पकडतात त्या लोखंडी तबकड्या, झिजून कडेला धार आली होती. मीच त्यांना म्हटलं होतं, की नवीनच टाकू, नागपूरहून मी आणतो. आणल्याही होत्या, एसटीत मांडीवर घेऊन. त्यांच्या मुलीचं, पुष्पाचं, दुसऱ्या दिवशी रोहण्याला साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. मुलीकडची मंडळी याच गाडीतून जाणार होती.

"भाऊचा डोया बंद हाये म्हनून मी आलो नसतो," गुलाबकाका बाकड्यावर बसत म्हणाले. "पन आता घरातच इंजिनेर हाये म्हनल्यावर काय. का गा, येते ना तुले? का निस्तं कागदावर?"

"कागदावर आलं का लोखंडावर येतेच, काका," मी म्हटलं.

काम मी मन लावून केलं. नव्या डिस्कना गंज लागू नये म्हणून कारखान्यात तेल लावलेलं असतं, ते मी पेट्रोलनं धुतलं. बोल्ट क्रमानं आवळले. एक गोष्ट तेवढी केली नाही. डिस्क ज्या हबवर बसते त्या हबचं तोंड बाबा प्रत्येक वेळी जुन्या करवतीच्या पात्यानं खरवडत, मग पॉलिश पेपरनं घासत, मग बोट फिरवून बघत. शाळेत असताना ते काम माझ्याकडे असे आणि मला त्याचा कंटाळा होता, कारण एकदा डिस्क चढली की ते तोंड कुणालाच दिसत नाही. त्या दिवशी मी हबवरून फडकं फिरवलं. डिस्क सहज आत गेली. मला वाटलं, झालं.

माय आली, चपला काढल्या, बसली. मार, मार, धर. हवा निघाली. "दगड," ती म्हणाली. मी काकांच्या बाजूला बसलो आणि आम्ही मांडगावच्या रस्त्याला लागलो. पहिले दोन-तीन ब्रेक छान लागले. मग खड्ड्यांचा पट्टा आला, एक वळण आलं, आणि पुढे म्हशी आडव्या आल्या तेव्हा काकांचा पाय थोडा जास्तच आत गेल्यासारखा मला दिसला. "नवीन हाये, बसन," ते म्हणाले. मीही तेच म्हटलं.

परत आल्यावर मायनं दुसरा पाय दिला. ती थोडी थांबली आणि तिनं परत दाबला. "पह्यल्यांदा खाली जाते," ती म्हणाली, "दुसऱ्यांदा दगड. हे काय हाये?"

"हवा राह्यली असन," मी म्हटलं, आणि परत बाटली लावली. मार, मार, धर. बाटलीत एकही बुडबुडा आला नाही. मी ते पाहिलं. पण पॅडल पुन्हा दगडासारखं झालं होतं, म्हणून बुडबुड्यांचा विचार मी बाजूला ठेवला. पुढे तीस वर्षं मी पॉलिटेक्निकमध्ये ब्रेक शिकवले, आणि दरवर्षी मुलांना सांगत आलो, की जे मोजमाप आपल्या उत्तराच्या विरुद्ध जातं ते आधी लिहून ठेवा. हे मी पुस्तकातून शिकलो असं ते समजत असत.

"पन भिजल्या पोळीवानी नव्हतं लागत," माय अजून सीटवरच होती. "हवेचं तसं लागते. हे निराळं हाये. फिरवून आन अजून एक डाव."

गुलाबकाका घड्याळ बघत होते. त्यांना हिंगणघाटला पानसुपारी आणि हार सांगायचे होते. त्यांच्या देखत माझ्या कामावर शंका घेतली जात होती, आणि ती घेणारी माझी माय होती, जिला सही करता येत नव्हती. "नव्या डिस्क आन पॅड एकमेकायत बसाले वेळ लागते," मी म्हणालो. हे वाक्य खरं आहे, आजही पुस्तकात आहे. त्यानंतरचं वाक्य कुठल्या पुस्तकात नाही. "माय, तुले गाडी चालवता येते का? मंग?"

तिनं पॅडलवरचा पाय काढला, उतरली, चपलेत पाय घातले आणि आत गेली. मी काकांना चाबी दिली. ते निघाले तेव्हा मागच्या खोलीतून बाबांचा आवाज भिंतीवरच्या फटीतून आला, "मिलिंद, मायनं दुसरा पाय देल्ला का रे?"

"हो," मी म्हटलं.

माय त्याच खोलीत तांदूळ निवडत होती. तिनं ते ऐकलं. पण बाबांना काही सांगितलं नाही.

मी हत्यारं आवरायला लागलो. काढलेल्या दोन जुन्या डिस्क भिंतीशी पडल्या होत्या. त्या भंगाराच्या कोपऱ्यात टाकायला उचलल्या, तर एकीच्या आतल्या बाजूला, जी हबला टेकते तिथे, गंजाची जाड खपली होती, आणि खपलीचा अर्धा तुकडा तुटलेला. तुटला तो तुकडा फरशीवर कुठे नव्हता. म्हणजे तो हबवर होता. म्हणजे नवी डिस्क त्या तुकड्यावर टेकून, केसभर तिरपी बसली होती. तिरपी डिस्क फिरताना डगमगते आणि दर फेऱ्याला पॅडना थोडं थोडं मागे ढकलते. मग पुढच्या ब्रेकला पहिला पाय पॅडना परत आणण्यातच जातो, आणि दुसऱ्याला दगड लागतो. हवा काढताना आम्ही पॅडल मारत होतो म्हणून पॅड उभ्या गाडीत परत जागेवर येत होते. मायनं हे सगळं दोन वाक्यांत सांगितलं होतं.  गाडीत दुसऱ्या दिवशी पुष्पा बसणार होती, तिची आई बसणार होती, आणि रोहण्याला जाणारा पुलगावचा रस्ता तेव्हा वळणावळणाचा होता.

चौफुलीवरच्या टेलिफोन बूथवरून अल्लीपूरला फोन लावला. काकांच्या घरी फोन नव्हता, ज्या दुकानात होता तिथे कुणी उचलला नाही. मग आत जाऊन मी बाबांना सगळं सांगितलं. हबचं सांगितलं आणि दुसऱ्या पायाचंही. त्यांनी उघड्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी ओरडण्याची वाट पाहत होतो.

"मंग उभा काऊन आहेस?" ते म्हणाले. "पाने घे."

मी पिशवीत जॅक, पाने, करवतीचं पातं, पॉलिश पेपर आणि बाटली भरली. बाहेर आलो तर माय चपला घालून उभी होती. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी.

"तू कुठं?"

"आन तिथं पाय कोन देईन? गुलाबभाऊजीची बायको?"

हिंगणघाटपर्यंत ओळखीच्या ट्रकमधे बसून गेलो, पुढे एसटीनं. ट्रकच्या केबिनमधे मी तिला म्हणालो, "माय, मी तसं बोलाले नव्हतं पाह्यजे."

"काय बोलला तू? गाडी चालवता येत नाई म्हनला. नाईच येत," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. थोड्या वेळानं ती म्हणाली, "पन बाबाले हो म्हनला, ते मले आवडलं नाई." एवढंच. मग ती ड्रायव्हरला त्याच्या लेकरांबद्दल विचारायला लागली.

अल्लीपूरला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. काकांच्या अंगणात गाडी उभी होती. ती तशी उभी पाहून मी पिशवी खाली ठेवली. ओसरीवर बायका साक्षगंधाच्या परड्या भरत होत्या, खोबऱ्याच्या वाट्या मोजत होत्या. काका आम्हाला पाहून हसले. "आत्ताच आले गा? साक्षगंध उद्या हाये."

पाहुण्यांसमोर मी सांगितलं, की काम चुकलं आहे, माझं चुकलं आहे, गाडी खोलावी लागेल. पुष्पाचे मामा परडी खाली ठेवून म्हणाले, "आन हे इंजिनेर?" कुणीतरी हसलं. काका हसले नाहीत. ते मला बाजूला घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "हिंगणघाटच्या रेल्वे फाटकापाशी पाय पुरा खाली गेलता. दोनदा मारला तवा थांबली. पुढं बैलबंडी होती, बंडीवर दोन लेकरं बसेल होती." त्यांनी ओसरीकडे पाहिलं. "घरी सांगतलं नाई मी. म्हनलं नवीन हाये. इंजिनेरनं सांगतलं ना, बसन म्हनून."

या वाक्यातला विश्वास मला आजही जड वाटतो. काका तसेच दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन निघणार होते, कारण मी शिकलेला होतो.

अंगणात बल्ब लावून मी चाकं काढली. डाव्या हबच्या तोंडावर तो तुकडा होता, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा चिकटलेला. काकांना दाखवला. "एवढासा?" ते म्हणाले. मी दोन्ही हब पात्यानं खरवडले, कागदानं घासले, बोट फिरवून पाहिलं, परत घासले. सगळं चढवलं. माय आत बसली. अंगणातल्या बायका काम टाकून बघत होत्या, कारण नेसूचं लुगडं सावरून ड्रायव्हरच्या जागी बसलेली बाई त्यांनी आधी पाहिली नव्हती. मार, मार, धर, मी म्हणत होतो. "दगड," ती म्हणाली. काका आणि मी गावाबाहेर नाल्यापर्यंत जाऊन, खड्डे शोधून शोधून त्यातून गाडी घालून परत आलो.

माय तिथेच उभी होती. तिनं दुसरा पाय दिला.  तिनं पाय उचलला, परत दिला, जरा वेळ दाबून धरला. मग उतरून चपला घातल्या आणि मला म्हणाली, "दे चाबी त्यायले."

रात्री आम्ही तिथेच राहिलो. सकाळी काकांनी हट्ट धरला. काम करणाऱ्यानं पहिल्या फेरीला गाडीत बसायचं हा तुमचाच नियम आहे, मग रोहण्यापर्यंत चला. पुष्पाच्या मामांनी एसटीनं यायचं ठरवलं आणि वर मला म्हणाले, "तूच बस बाप्पा, ब्रेक लागला नाई तं उडी माराले कामी येशीन." मी मागे परड्यांमध्ये, पुष्पा आणि तिच्या आईच्या बाजूला. मायला काकांनी पुढे बसवलं. ती नको नको म्हणत होती. मग बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

वर्धा मागे पडल्यावर माझ्या लक्षात आलं, की मायला चालत्या मोटारीत पुढे बसलेली मी पहिल्यांदा पाहत होतो. एसटीत आणि ट्रकमधे ती बसली होती, मोटारीत मात्र ती नेहमी उभ्या गाडीतच बसली होती, आणि काम झालं की उतरली होती. परड्यांतल्या हारांचा वास येत होता. पुष्पा खिडकीतून बघत होती. पुलगावच्या अलीकडे वळण आलं, समोरून एक ट्रक आला, काकांनी ब्रेक दाबला आणि गाडी बिनबोभाट हळू झाली.

मी दोन सीटांच्या मधून पुढे पाहिलं. मायची उजवी चप्पल बाजूला निघालेली होती. तिचा उघडा पाय समोरच्या चटईवर, जिथे कुठलंच पॅडल नव्हतं तिथे, दाबलेला होता. वळण संपल्यावर तिनं तो सैल केला. जरा थांबली, आणि दुसऱ्यांदा दिला.